शाळेसाठी आठवड्यातला एक तास : पालक आणि परिसरातील नागरिक वारंवार विचारतात ते प्रश्न

शाळेसाठी काहीतरी करावे असे पुष्कळ पालकांना आणि शेजारपाजाऱ्यांना वाटत असते. कोणाला विचारायचे, काय करायचे, आपण तिथे गेलेले चालेल का, एवढ्यावर मात्र गाडी अडते. शाळेत स्वयंसेवक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांनी आणि अशा माणसांची वाट पाहणाऱ्या शिक्षकांनी आजवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

शिक्षक असताना शाळेला बाहेरच्या माणसांची गरज कशासाठी?

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाचे वाचन शेजारी बसून पाच मिनिटे ऐकायचे ठरवले, तर दोनशे मिनिटे लागतात. म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ केवळ ऐकण्यात जाईल आणि तेवढ्या वेळात उरलेली एकोणचाळीस मुले काय करतील हा प्रश्न शिल्लक राहीलच. शिक्षक कितीही मनापासून काम करणारे असले तरी या हिशेबापुढे त्यांचा इलाज चालत नाही. मुलाला लागते ते शेजारी बसून, घाई न करता, त्याच्याकडेच लक्ष देणारे एक मोठे माणूस. ती जागा स्वयंसेवकाला भरता येते. शिकवणे, मूल्यमापन आणि वर्गाची शिस्त ही कामे शिक्षकांचीच राहतात. स्वयंसेवक त्यांच्या सांगण्यानुसार हातभार लावतो आणि रिक्त पदावरचा फुकटचा पर्याय म्हणून त्याला कोणी वर्गावर उभे करू नये, याविषयी आम्ही आग्रही आहोत.

मी फारसा शिकलेलो नाही. माझा काय उपयोग होणार?

हा प्रश्न विचारताना माणसे आवाज खाली आणतात, म्हणून त्याचे उत्तर आम्ही मुद्दाम सविस्तर देतो. शाळेतल्या अनेक कामांना पदवीची गरज नसते. ग्रंथालयातल्या पुस्तकांची उसवलेली पाने चिकटवणे, पुस्तकांना कव्हर घालून त्यांवर क्रमांक टाकणे, मधल्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवणे, शाळा सुटताना रस्ता ओलांडून देणे, बाकांचे निघालेले खिळे ठोकणे, बागेतली रोपे जगवणे, सहलीला किंवा स्नेहसंमेलनाला शिक्षकांच्या सोबतीने उभे राहणे, ही सगळी कामे शाळेला रोज लागतात आणि ती करायला माणूस मिळत नाही म्हणून शिक्षकांचा शिकवण्याचा वेळ त्यांत खर्ची पडतो.

याशिवाय, गवंडीकाम करणारा मनुष्य ओळंबा आणि गुण्या घेऊन वर्गात आला आणि भिंत सरळ उभी आहे हे कसे ठरवतात, कोपरा काटकोनात आहे हे कसे तपासतात, ते त्याने मुलांसमोर करून दाखवले, तर पुस्तकातला काटकोन मुलांच्या हाताला लागतो. शिवणकाम करणारी बाई मापे घेताना अपूर्णांक वापरते, शेतकरी पावसाच्या नोंदी ठेवतो, परिचारिका तापमापक वाचते. आपल्या कामात गणित आणि विज्ञान आहे हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नसते. शिक्षकांनी त्यांच्याशी आधी पंधरा मिनिटे बोलून पाठ कोणता आणि दाखवायचे काय एवढे ठरवून घेतले की पुरे.

किती वेळ द्यावा लागेल? मी नोकरी करतो.

आठवड्यातून एक तास पुरतो, मात्र तो ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी द्यायला हवा. महिनाभर रोज येऊन नंतर दिसेनासे होण्यापेक्षा दर बुधवारी एक तास वर्षभर येणारा स्वयंसेवक शाळेला कितीतरी अधिक उपयोगी पडतो, कारण शिक्षकांना त्याच्यावर विसंबून नियोजन करता येते आणि मूल त्याची वाट पाहू लागते. मुलांना वार पाठ असतात. आपण येणार म्हणून पुस्तक काढून बसलेल्या मुलाला कोणी आलेच नाही, तर तो निरोप मुलापर्यंत फार स्पष्टपणे पोहोचतो.

शाळेच्या वेळेत येणे शक्य नसेल तर घरी बसून करण्याजोगी कामे मागून घ्यावीत. शब्दपट्ट्या कापणे, ग्रंथालयाची यादी संगणकावर उतरवणे, शाळेच्या पत्रांचा वस्तीतल्या दुसऱ्या भाषेत अनुवाद करणे किंवा सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेतले साहित्य मोजून लावून ठेवणे, अशी ही कामे आहेत. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी आपले वेळापत्रक आधीच सांगितले तर बहुतेक शाळा मार्ग काढतात.

स्वतःच्या मुलाच्या वर्गातच काम करावे का?

शक्यतो दुसऱ्या वर्गात करावे. आपले मूल समोर असताना नजर त्याच्याकडेच वळते. मूलही एक तर हट्टी होते किंवा अवघडून जाते. लहान वर्गांतल्या मुलांना आई किंवा बाबा शाळेत दिसले की अभिमान वाटतो, तर मोठ्या वर्गांतली मुले संकोचतात. त्यामुळे मुलालाही एकदा विचारून घ्यावे. त्याने नको म्हटले तर त्याचा मान राखावा आणि मनाला लावून घेऊ नये.

वाचताना मूल अडखळले तर मी काय करायचे?

स्वयंसेवकाच्या कामाचा हा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

समजा, मुलगी वाचते आहे आणि ‘प्रकाश’ या शब्दापाशी थबकली आहे. ती ‘प’ म्हणते, पुन्हा ‘प’ म्हणते, तुमच्याकडे पाहते. शब्द सांगून टाकण्याची तीव्र इच्छा होईल, पण तो क्षण जाऊ द्यावा. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील संवादांची ध्वनिमुद्रणे अभ्यासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. हाच अवधी तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, अधिक विचारपूर्वक झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. तेव्हा मनातल्या मनात तीन आकडे मोजावेत, हवे तर पाच.

तरीही शब्द सुटला नाही, तर बोट ‘प्र’वर ठेवून ‘हे जोडाक्षर आहे, यात कोणती दोन अक्षरे दिसतात?’ असे विचारावे. ती ‘परकाश’ म्हणाली तर ‘चूक’ असे म्हणू नये. तिला ‘र’ दिसला आहे आणि अर्धे काम झाले आहे, हे लक्षात घेऊन ‘जवळ आलीस, आता हे दोन्ही एका दमात म्हणून बघ’ असे सांगावे. एवढे करूनही जमले नाही तर शब्द सहजपणे सांगावा आणि तिला पूर्ण वाक्य पुन्हा वाचू द्यावे, कारण तुकड्यातुकड्यांनी वाचलेल्या वाक्याचा अर्थ हातून निसटलेला असतो. वाचून झाल्यावर गोष्टीविषयी बोलावे : पुढे काय होईल, त्या मुलाने असे का केले असेल, तू असतीस तर काय केले असतेस? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा संवादासह वाचन करणाऱ्या पालकांच्या लहान मुलांची भाषा नेहमीच्या पद्धतीने वाचणाऱ्यांच्या मुलांपेक्षा पुढे गेली होती.

गणिताचे काय? मलाच गणित येत नाही.

प्राथमिक वर्गांतल्या गणिताला पाढ्यांची उजळणी घेणारा आणि मुलाची वही लक्षपूर्वक पाहणारा माणूस हवा असतो. ५२ वजा ३८ याचे उत्तर एखादे मूल २६ असे लिहिते. ते चूक आहे हे कोणीही सांगेल. ते कसे आले हे मुलालाच विचारले, तर ‘८ मधून २ गेले ६, ५ मधून ३ गेले २’ असे ते सांगते आणि मग कळते की त्याने प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, दशक सुटा करण्याची कल्पनाच त्याला अजून उमगलेली नाही. हे निरीक्षण दोन ओळींत लिहून शिक्षकांना द्यावे. पुढे काय शिकवायचे ते शिक्षक ठरवतील, पण चाळीस वह्यांच्या गठ्ठ्यात ते त्यांच्या नजरेतून सुटले असण्याची शक्यता पुष्कळ असते.

मुले नेमाने यावीत म्हणून त्यांना बक्षीस द्यावे का?

देऊ नये असे आमचे मत आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ सालच्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी ज्यांना बक्षिसाचे आधी सांगून ते दिले गेले, ती मुले नंतर आपणहून चित्रे काढण्यात कमी रमली. वाचनाला आमिष लावले की वाचन हे त्या आमिषासाठी करायचे काम ठरते. ‘मागच्या वेळी हा शब्द अडला होता, आज अडला नाही’ एवढे आठवणीने सांगितले की मूल फुलते.

यातून मुलांना खरोखर फायदा होतो का, की हे केवळ चांगले वाटणारे काम आहे?

कोणत्याही कामाने फायदा होतो असे नाही. काम नेमके असेल, त्यासाठी थोडे प्रशिक्षण मिळाले असेल आणि ते नियमित होत असेल, तर होतो.

मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास २००१ ते २००३ या काळात झाला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी अल्प मानधनावर, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांच्या गटाला रोज सुमारे दोन तास मूलभूत वाचन आणि गणित शिकवत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांचे चाचण्यांतले गुण वाढले आणि सर्वाधिक लाभ मागे राहिलेल्या मुलांना झाला.

त्याहून बोलका अभ्यास उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातला आहे. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो २८० गावांत केला आणि २०१० साली प्रसिद्ध केला. काही गावांत सभा घेऊन गावातल्या शाळेवर लक्ष ठेवणाऱ्या ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगण्यात आले. काही गावांत त्याबरोबर मुलांची वाचनचाचणी कशी घ्यायची हे गावकऱ्यांना शिकवले गेले. ६५ गावांत मात्र यापुढे जाऊन, गावातल्या इच्छुकांना वाचनवर्ग घेण्याचे काही दिवसांचे प्रशिक्षण मिळाले आणि त्यांनी शाळेबाहेर विनामोबदला वर्ग चालवले. सभा आणि माहिती यांमुळे शाळेतल्या लोकसहभागात फरक पडला नाही. वाचनवर्गांना आलेल्या मुलांचे वाचन मात्र सुधारले. वर्गांना येणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी होते, ही त्या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. आम्हाला त्यातून दिसते ते असे : ‘शाळा आपली आहे, पुढे या’ असे सांगून लोक हलत नाहीत, पण ‘या पाच मुलांना रोज एक तास वाचायला शिकवाल का, कसे ते आम्ही दाखवतो’ असे विचारले की तीच माणसे उभी राहतात.

माझी मुले मोठी झाली आहेत, किंवा मला मूल नाही. मी येऊ शकतो का?

अवश्य यावे. निवृत्त माणसे, महाविद्यालयीन विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि आजी-आजोबा यांच्याकडे बहुधा पालकांपेक्षा अधिक वेळ असतो. भारताच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माजी विद्यार्थी, निवृत्त व्यक्ती आणि परिसरातील नागरिकांनी शाळांना स्वेच्छेने साह्य करावे असे सुचवलेले आहे, आणि केंद्र सरकारच्या विद्यांजली या संकेतस्थळावर स्वयंसेवक व शाळा यांची गाठ घालून दिली जाते.

शिक्षकांना ही लुडबूड वाटणार नाही का?

वाटू शकते, आणि त्यांची भीती अनाठायी नसते. वर्गात येऊन बसणारा माणूस आपल्या शिकवण्याचे गुण-दोष बाहेर सांगत फिरेल, असा अनुभव काहींना आलेला असतो. पहिल्या भेटीत सूचना करू नयेत. ‘तुमचा कोणता भार मी हलका करू शकेन?’ असे विचारावे आणि जे काम मिळेल ते, साधे असले तरी, नीट करावे. एका शाळेत आमच्यातल्या एका पालकाने पहिले दोन महिने केवळ ग्रंथालयाची पुस्तके दुरुस्त केली. तिसऱ्या महिन्यात वर्गशिक्षिका आपणहून त्यांच्याकडे चार मुले घेऊन आल्या. मतभेद झालाच तर तो शिक्षकांशी एकांतात बोलावा, मुलांसमोर किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही नाही.

सुरक्षिततेसाठी कोणते नियम पाळावे लागतात?

शाळेने तुमची ओळखपत्रे मागितली, दोन ओळखीच्या व्यक्तींची नावे विचारली किंवा पोलीस पडताळणी करायला सांगितली, तर त्यात अपमान मानू नये. हे प्रश्न प्रत्येकाला विचारले जात असतील तरच मुले सुरक्षित राहतात. ‘ते ओळखीचे आहेत, त्यांना कशाला?’ अशी सूट जिथे मिळते तिथेच धोका शिरतो. इंग्लंडमध्ये मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकांची गुन्हेगारी नोंद तपासण्याची व्यवस्था असून त्या तपासणीचे सरकारी शुल्क स्वयंसेवकांना माफ असते. ऑस्ट्रेलियातील राज्यांतही मुलांसोबत काम करण्यासाठी अशीच पडताळणी आहे.

प्रत्यक्ष काम करताना मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसू नये. व्हरांडा, ग्रंथालयाचा कोपरा किंवा दार उघडे असलेली खोली निवडावी, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही दिसत असाल. आल्याची आणि गेल्याची वेळ नोंदवहीत लिहावी. मुलाला गाडीवरून घरी सोडणे, खासगी संदेश पाठवणे, परस्पर भेटवस्तू देणे टाळावे. स्वच्छतागृहात मदत लागली तर शाळेच्या कर्मचाऱ्यांना बोलवावे.

एखाद्या मुलाने स्वतःवर होणाऱ्या त्रासाविषयी सांगितले, तर शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवावे. भारतात मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे २०१२ सालच्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा मदतक्रमांक आहे.

वर्गात जे दिसते ते बाहेर सांगितले तर चालते का?

नाही. कोणाला वाचता येत नाही, कोणाच्या वहीवर काय शेरा होता, कोण रडले, हे शाळेच्या फाटकाच्या आत राहायला हवे. आपण सहज बोलून गेलेले वाक्य संध्याकाळपर्यंत त्या मुलाच्या घरी पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी ते मूल तुमच्याशेजारी बसायला तयार होत नाही. छायाचित्रांचेही तसेच आहे. शाळेची आणि त्या मुलाच्या पालकांची परवानगी नसताना ती काढू नयेत आणि समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

वेळ नाही, पण पुस्तके किंवा वस्तू देऊ शकतो.

आधी शाळेला यादी विचारावी. फाटलेली, जुन्या अभ्यासक्रमाची, मुलांच्या वयाला न शोभणारी पुस्तके भरलेली खोकी पाहण्याचा प्रसंग आमच्यावर आला आहे. ती निवडायला आणि हलवायला तीन दुपारी गेल्या आणि त्यांतून कपाटात ठेवण्याजोगी मोजकीच निघाली. शाळेने मागितलेली दहा पुस्तके त्या खोक्यांपेक्षा मोलाची असतात.

शाळेच्या कारभारात पालकांना काही अधिकार असतो का?

असतो, आणि तो वापरला गेला पाहिजे. भारतात २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही सरकारी शाळांत तिची कामे आहेत; अनुदानित शाळांत तिची भूमिका केवळ सल्ला देण्याची असते. अमेरिकेत ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट यांनी १८९७ साली वॉशिंग्टन येथे मातांची जी परिषद भरवली, तिच्यातून पुढे तेथील राष्ट्रीय पालक-शिक्षक संघटना उभी राहिली. समितीच्या सभेत बसून सही करणे म्हणजे सहभाग नव्हे. आराखड्याची प्रत मागून घ्यावी, वाचावी आणि न समजलेले विचारावे.

आम्ही शिक्षक आहोत. पालकांना आवाहन करूनही कोणी येत नाही. काय करावे?

आवाहन कसे केले ते एकदा तपासून पाहावे. पालक सभेत सर्वांना उद्देशून ‘आपण सर्वांनी सहकार्य करावे’ असे म्हटले की प्रत्येकाला ते शेजाऱ्यासाठी आहे असे वाटते. त्याऐवजी कामांची एक साधी यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे वार, वेळ आणि लागणारी माणसे लिहावीत. ‘मंगळवारी सकाळी अकरा ते बारा, दुसरीच्या मुलांचे वाचन ऐकायला दोन जण’ असे लिहिलेले वाचणाऱ्याला आपले घड्याळ पाहता येते आणि हो किंवा नाही म्हणता येते. मग ठरावीक पालकांना नावाने विचारावे. ज्यांना शाळेने आजवर केवळ मुलाच्या तक्रारी सांगायला बोलावले, त्यांना तर जरूर विचारावे. आपण शाळेला हवे आहोत हे त्यांना पहिल्यांदाच ऐकायला मिळते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टाइन यांनी शाळा आणि कुटुंब यांच्या सहकार्याचे सहा प्रकार मांडले असून शाळेत येऊन काम करणे हा त्यांपैकी एक आहे. घरचा अभ्यास, परस्परसंवाद आणि निर्णयातील सहभाग हेही त्यांतच येतात. त्यामुळे शाळेत येऊ न शकणाऱ्या आईला उदासीन समजण्याची चूक करू नये. दिवसभर मजुरी करून रात्री मुलाला ‘आज काय वाचलेस ते सांग’ म्हणणारी आई शाळेसाठी काम करतच असते, आणि हे तिला शिक्षकांनी सांगायला हवे.

स्वयंसेवक पहिल्या दिवशी आला की त्याला दारात ताटकळत ठेवू नये. कोणत्या खोलीत जायचे, पाणी कुठे आहे, कोणाला विचारायचे हे सांगणारे एक माणूस नेमावे. काम नेमून न दिल्यामुळे तासभर बाकावर बसून परत गेलेले पालक पुन्हा येत नाहीत.

मध्येच थांबावे लागले तर?

अडचणी सर्वांना येतात. एखाद्या दिवशी येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. कायमचे थांबायचे असेल तर दोन-तीन आठवडे आधी शिक्षकांना सांगावे, म्हणजे त्यांना दुसरी व्यवस्था लावता येते. शेवटच्या दिवशी मुलांना भेटून, आपण आता येणार नाही आणि त्यांचे काही चुकल्यामुळे आपण जात नाही आहोत, हे त्यांना स्वतःच्या तोंडून सांगावे. शक्य असेल तर त्याच दिवशी पुढच्या स्वयंसेवकाला सोबत आणावे, मुलांशी त्याची ओळख करून द्यावी आणि कोणते पुस्तक कितव्या पानावर थांबले आहे ते त्याला दाखवावे.